सत्काराचा नारळ

आधी थुंकीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

मुलुंडला घराजवळच्या ज्या तरण तलावात मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले, त्याच्या कडेने एक पन्हळ आहे. उसळलेलं पाणी तिच्यात पडावं आणि गाळून परत यावं, एवढंच तिचं काम. आमच्या बॅचचे लोक तिच्यात थुंकत. नुसते थुंकत नसत, तर आधी खाकरून, घसा खरवडून, मन लावून थुंकत. काहींचा नेम चुके. मी शेवटच्या लेनमध्ये भिंतीला धरून उभी असे आणि तो पिवळट फेस तरंगत माझ्याकडे येताना बघत असे. एकदा त्यात कोणाच्या तरी बोटावरची चिकटपट्टी आली, मध्ये तपकिरी डाग असलेली. मी तशीच बाहेर पडले, तिथे साबण लावला, घरी येऊन पुन्हा लावला. दुपारी ऑफिसात डबा उघडला तर भाजीत मला ती पट्टीच दिसायला लागली. डबा तसाच परत आणला.

मला किळस फार येते. माझं माहेर घाटकोपरचं आणि आई उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत भयंकर कडक. पेल्याला ओठ लावायचे नाहीत, पाणी वरून प्यायचं. एकाच्या ताटातलं दुसऱ्याने उचललं तर जेवण बंद. आईचं सोवळं देवाधर्माचं नव्हतं, ते निव्वळ किळसेचं होतं आणि ते तिने मला जसंच्या तसं दिलं. लग्न होऊन मुलुंडला आले तर सासूबाई अगदी दुसऱ्या टोकाच्या. त्या मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते तेव्हा परळच्या खोलीत आठ-दहा माणसांचं रांधून त्यांची उमर गेली. बांगड्याची आतडी बोटाने ओढून काढता काढता त्या माझ्याशी निवांत गप्पा मारतात. मी दाराच्या चौकटीपाशी उभी राहून, श्वास रोखून, हो हो म्हणते.

अशा बाईने लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं नाव काढावं हा मूर्खपणा होता. सुरुवात साधी झाली. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं, मी चालायला लागले, मग पळायला लागले, मग पळणाऱ्यांचा ग्रुप लागला आणि ग्रुपबरोबर एक सर लागले. सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, दंडावर गोंदलेलं, बोलणं अर्धं हिंदी. त्यांनी एके दिवशी विचारलं, "मॅडम, करायची ना? दोन किलोमीटर स्विम, नव्वद सायकल, वर हाफ मॅरेथॉन. एकाच दिवशी. झकास होईल." मी हो म्हटलं. त्या क्षणी मला फक्त अंतरं दिसली. अंगातून बाहेर पडणाऱ्या आणि बाहेरून अंगावर येणाऱ्या गोष्टींचा त्यात इतका मोठा वाटा असतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

सायकलचंच बघा. रविवारी पहाटे आम्ही पवईवरून आरे कॉलनीत जायचो. झाडी आहे, रस्ता वरखाली आहे, सरावाला बरा. पण तबेल्यांपाशी रस्त्यावर शेण-मुताचा चिकट राप असतो आणि मागच्या चाकावरून तो थेट आपल्या पाठीवर उडतो. सायकलच्या दांड्याला पाण्याची बाटली. तिच्या तोंडावर तेच शेण, तीच धूळ. मी तिला तोंड कशी लावणार? मी आईने शिकवलं तेच केलं. एका हाताने बाटली उंच धरली, मान मागे टाकली आणि धार तोंडात सोडली. उतारावर. आकाशाकडे बघत. पुढच्या खड्ड्यात चाक गेलं आणि मी जिथे पडले तिथे नेमका शेणाचा ताजा पो होता.

सर धावत आले. "मॅडम, असं वरून कोण पितं सायकलवर? चोखा ना! बाळासारखं चोखायचं!"

त्या शब्दाने मला शेणापेक्षा जास्त शिसारी आली. ग्रुपातले सगळे हसले, मला उचललं, कोणीतरी स्वतःचा घामट रुमाल पुढे केला. मी तो घेतला नाही. कोपरावर शेण वाळत असताना तशीच घरापर्यंत सायकल मारली.

ग्रुपातले पुरुष एक नाकपुडी बोटाने दाबून दुसरीतून शेंबूड उडवत. सर ते शिकवत. वाऱ्याची दिशा कशी बघायची, मान किती वळवायची, मागे कोणी आहे का ते कसं पाहायचं, सगळं शास्त्रशुद्ध. मागे बहुतेक वेळा मी असे. शक्ती यावी म्हणून दर अर्ध्या तासाने जेल नावाचा एक लगदा खायचा. खोकल्याच्या औषधात साखरेचा पाक घालून आटवावा तसा तो लागतो, ओघळ हनुवटीवर सुकतो आणि त्यावर रस्त्याची धूळ बसते. एकदा पूर्व द्रुतगती मार्गावर एका रिक्षातून बाहेर आलेल्या तोंडाने माझ्या हातावर पानाची पिचकारी टाकली. कोमट होती. तो "सॉरी मॅडम" म्हणाला आणि निघून गेला. मी रस्त्याच्या कडेला थांबून सगळी बाटली हातावर ओतली आणि उरलेलं अंतर तहानलेली गेले. आणि लघवी? सरांचं मत होतं की स्पर्धेत त्यासाठी थांबणं म्हणजे वेळेची नासाडी. "चालत्या सायकलवर सोडायची, वरून पाणी मारायचं, बस." हे ते चहा पिता पिता, सगळ्यांसमोर बोलले.

घरी आल्यावर मी दार उघडताच सासूबाई नाकाला पदर लावायच्या. थट्टेने, खऱ्या किळसेने नव्हे. एकदा मी असंच त्या थुंकीबद्दल, त्या जेलबद्दल तणतणत होते तेव्हा त्यांनी खोबरं खवता खवता विचारलं, "इतकी किळस येता तर जातंस कित्याक गो?"

तब्येतीसाठी म्हणावं तर तब्येत चालण्यानेही सुधारली असती. खरं उत्तर मला आंघोळ करताना सुचलं आणि ते फारसं शोभेचं नव्हतं. घर, नोकरी, नातीगोती, आजारपणं, सगळं मी अंग सांभाळून, कडेकडेने, नाक दाबून केलं होतं. आयुष्यभर मी वरूनच पाणी प्यायले. एक तरी गोष्ट तोंड लावून करावी, शेवटच्या थेंबापर्यंत करावी आणि ती पुरी झाली असं स्वतःशी म्हणता यावं, एवढीच माझी मागणी होती. स्पर्धा पुरी करणं मला हवं होतं ते या कारणासाठी. सासूबाईंना मी एवढं सगळं बोलले नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, "आई, मला ती पुरी करायचीय."

त्या खवणीवरून हात न काढता म्हणाल्या, "मग कर. मी देवीक सांगतंय. पुरी झाली तर ओटी भरीन." स्पर्धा कोकणातच होती, त्यांच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे देवीलाही सोयीचं होतं.

आणि मग सोसायटीने माझा सत्कार ठरवला.

आमच्या सोसायटीत दर जानेवारीत सत्यनारायणाची पूजा असते. पूजेनंतर दहावी-बारावीच्या मुलांना पेनं आणि कोणाला तरी शाल-नारळ. त्या वर्षी त्या 'कोणाला तरी'च्या जागी माझं नाव निघालं. स्पर्धा फेब्रुवारीत होती. मी सेक्रेटरी काकांच्या घरी जाऊन सांगितलं, "काका, अहो अजून व्हायचीय ती. पुढच्या वर्षी करा काय ते."

"अगं तू करणारच ना! टेन्शन कशाला घेतेस?"

"पण झाली नाही ना अजून."

"हे बघ, साहेबांची तारीख आत्ताची मिळालीय." साहेब म्हणजे विभागातले एक पुढारी, दर पूजेला बोलावले जाणारे आणि क्वचितच येणारे. "मार्चमध्ये परत त्यांना कुठे बोलवू? परत मांडव, परत खुर्च्या? आणि स्मृतिचिन्हाची ऑर्डर गेलीसुद्धा."

मी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. आमच्याकडे सत्काराला नको म्हणणं हा सत्काराचाच एक भाग धरतात, त्यामुळे जितकं नको म्हटलं तितकं माझ्या विनयाचं कौतुक झालं. पूजेच्या संध्याकाळी मी साडी नेसून खुर्चीवर बसले. साहेब आले, प्रसाद खाल्ला, बोटं चाटली, आणि तीच बोटं माझ्या खांद्यावरच्या शालीला पुसत शाल सारखी केली. भाषणात ते म्हणाले की ताईंनी समुद्र पार करून आपल्या विभागाचं नाव उज्ज्वल केलं आहे. टाळ्या पडल्या. स्मृतिचिन्ह पारदर्शक प्लास्टिकचं होतं, सोनेरी काठाचं. त्यावर भाला फेकणाऱ्या एका पुरुषाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: अत्यंत खडतर ट्रायथलॉन स्पर्धा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल. तलावातली ती चिकटपट्टी बघून जे झालं होतं तेच पुन्हा झालं, फरक एवढाच की ही पट्टी मी दोन्ही हातांनी धरून फोटोसाठी हसत होते.

रात्रीपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरला. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये, वाण्याकडे, ऑफिसात, सगळीकडे "काँग्रॅट्स". एक-दोघांना मी खुलासा केला. त्यांनी "हो का, मग ऑल द बेस्ट" म्हणून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी ढापलं आहे. मग मी खुलासा करणं सोडलं आणि जिन्याने जायला लागले.

घरी नवऱ्याने ते चिन्ह हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवलं. सासूबाईंनी तासाभरात ते बाहेर काढलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि नवऱ्यालाच ते माळ्यावर चढवायला लावलं. "ता तिचा नाय अजून," त्या म्हणाल्या. "नवस काम झाल्यार फेडतत. आधी कोण फेडता? ही काय रीत?"

नारळाचंही तेच. आमच्या घरात नारळ दोन दिवस टिकत नाही. आमटीला, भाजीला, माशाला, सगळ्याला तो लागतो. पण सत्काराचा नारळ त्यांनी देवाच्या फळीवर कोपऱ्यात ठेवला. "हो फोडूचो नाय. तू येशीत तेव्हा बघूया." रोज पूजा करताना त्या तो कानाशी धरून हलवायच्या आणि आतलं पाणी वाजतंय का ते ऐकायच्या. मला वाटलं, सगळ्या मुलुंडमध्ये ही एकच बाई माझ्याशी खरं बोलतेय.

फेब्रुवारीत आम्ही स्पर्धेला गेलो, मी आणि नवरा. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्या घरीच राहिल्या. पहाटे किनाऱ्यावर शेकडो माणसं टोप्या घालून छातीभर पाण्यात उभी होती. माझ्या मांडीला अचानक कोमट लागलं. मी शेजाऱ्याकडे बघितलं, तो क्षितिजाकडे बघत होता. शिट्टी झाली. पहिल्या शंभर हातांतच कोणाची तरी टाच माझ्या तोंडावर बसली, तोंड उघडलं आणि समुद्र, त्यात जे काही होतं त्या सगळ्यासकट, घशाखाली गेला. मी तो गिळला. आणि पुढचा हात मारला. पाण्याबाहेर आले तेव्हा वेळेच्या आत होते. नवरा दोरीपलीकडून ओरडत होता आणि मला पहिल्यांदा वाटलं की जमेल.

सायकलवर बाटली तोंडाला लावून चोखली. सर म्हणाले होते तशी, बाळासारखी. परतीच्या रस्त्यावर समोरून वारा सुटला आणि पाय जड झाले. एका चढावर सगळे जेल एकदम वर आले. मी थांबले नाही. डाव्या हातावर ओकले, हात मांडीवर पुसला आणि पायडल मारत राहिले. घरी कोणाला पटलं नसतं.

पण धावण्याच्या रस्त्यावर माझं गाडं अडलं. ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात काही टिकत नव्हतं. मी पळत होते, मग चालत होते, मग खांबापासून खांबापर्यंत चालत होते. शेवटची फेरी बाकी असताना एक मुलगी आयोजकांच्या टेबलाजवळून उठली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, टाइम संपला," ती अगदी हळू म्हणाली. खाली बसून तिने माझ्या घोट्यावरचा वेळ मोजणारा पट्टा सोडला. त्या घोट्यावर काय काय वाळलं होतं ते मला माहीत होतं, तरी तिने हात आखडला नाही.

मी तिथेच फुटपाथवर बसून रडले. दुःखाने नाही, रागाने. एवढी घाण गिळली ती कशासाठी, असं मी मोठ्याने म्हणाले असणार, कारण टेबलावरचा एक गृहस्थ कळवळून उठला आणि त्याने माझ्या गळ्यात पदक घातलं. पुरी केलेल्यांना देतात तेच. "घ्या मॅडम, उरलीयत बरीच. एवढ्या लांबून आलात." मी ते गळ्यातून काढलं तेव्हा त्याची फीत माझ्या मानेला चिकटली होती. टेबलावर ठेवलं. त्याला वाईट वाटलं असेल. त्या क्षणी मला त्या सगळ्या उदार माणसांचा इतका वीट आला होता की मी त्याला साधं थँक यूसुद्धा म्हटलं नाही.

मुलुंडला पोचलो तर गेटवर फुलं घेऊन चार बायका आणि सेक्रेटरी काका. मी गाडीतून उतरता उतरताच सांगितलं, "काका, पुरी झाली नाही. शेवटच्या फेरीला काढलं मला."

"अगं, भाग घेतलास ना! तेच खूप आहे. आणि तसंही कोणाला कळतंय!" असं म्हणून त्यांनी माझ्या गळ्यात हार घातला. झेंडूचा, पाणी मारलेला. तो छातीवर गार लागला आणि मी तो घालून वर गेले, कारण काढायचीही ताकद नव्हती.

दारात सासूबाई. त्यांनी हाराकडे पाहिलं नाही. "झाली?"

"नाही, आई."

त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. मी बूट काढत होते तेव्हा घरभर एक वास आला. आंबट, कुजका. देवाच्या फळीवर तो नारळ तडकला होता; मी येईपर्यंत फोडायचा नाही म्हणून सासूबाईंनी त्याला हातही लावला नव्हता. त्यातून करडं पाणी गळून फळीवरून, भिंतीवरून खाली ओघळलं होतं आणि त्यावर चिलटं बसली होती. नवरा "शी" म्हणून मागे सरला. मी पुढे झाले, नारळ दोन्ही हातांत उचलला आणि मोरीकडे नेला. बोटांमधून ते पाणी कोपरापर्यंत आलं. परत येऊन फडक्याने फळी पुसली, मग भिंत पुसली. नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याने का बघावं ते मला त्या वेळी समजलं नाही.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. "कुसलो," त्या म्हणाल्या. "कुसांदे. दुसरो घेवया."

सांत्वनाचं एवढं एकच वाक्य मला त्या आठवड्यात सहन झालं. बाकी सगळ्यांनी मी पुरी केल्यासारखंच चालू ठेवलं.

पुढच्या सोमवारी मी तलावावर गेले. मला अजूनही किळस येते, अजूनही शेवटच्या लेनमध्ये फेस येतो, अजूनही घरी येऊन मी दुसऱ्यांदा साबण लावते. कोणी म्हणेल की सवय होते, तर त्याला खुशाल मुलुंडला बोलवा, मी त्याला ती पन्हळ दाखवते. देवाच्या फळीवर दुसरा नारळ आहे, सासूबाईंनी स्वतः बाजारातून निवडून आणलेला. तो सुकला की त्या बदलतात. जुना आमटीतही घालत नाहीत, गॅलरीतल्या तुळशीपाशी ठेवतात.

परवा संध्याकाळी मी पोहून आले, डोकं पुसत होते, तेवढ्यात सेक्रेटरी काका आले. सोसायटीला पंचवीस वर्षं होतायत, मोठा कार्यक्रम आहे, सगळ्या सत्कारमूर्तींचे फोटो त्यांच्या स्मृतिचिन्हांसह लावायचेत. "आजी, ते चिन्ह जरा द्या ना. दोन मिनिटांत फोटो काढून देतो."

सासूबाई भांडी पुसत होत्या. "ता आमच्याकडे नाय."

"असं कसं? मी स्वतः दिलंय, आजी! तुमच्या सुनेच्या हातात!"

"तू दिलंस रे," त्या म्हणाल्या. "पण ता अजून येवक नाय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माळा त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर होता आणि तिथून लुगड्याच्या तुकड्याचं एक टोक लोंबत होतं. मी डोकं पुसत राहिले. ते चपला घालून निघाले, तशी सासूबाईंनी मला हुंगल्यासारखं केलं आणि नाकाला पदर लावला.

"पाणी तापवलंय," त्या म्हणाल्या. "जा, न्हावन ये. घाण येता तुका."